शिसां काढ

तळाशिलच्या शाळेला दोन पाणी लागतात,
मागच्या खिडकीत खाडी, पुढच्या दारात समुद्र.
मी घाटावरचा. आमच्या ओढ्याला
संक्रांतीनंतर पाणी नसायचं.
सातवीला ऋण संख्या शिकवायची म्हणून
फळ्यावर वाण्याची वही काढली,
उणे म्हणजे उधारी म्हणालो,
आणि ‘उणे’तून ‘उणे’ वजा करताना
माझाच खडू मोडला.
कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

मग म्हटलं, चार गट करा.
खेळ तुम्ही काढा, शिकवा मला.

पहिल्या गटाने सापशिडीतले साप पुसून
तिथे पापलेटं काढली. बाकी तेच.
दुसऱ्याने शिंपल्यांचे वाटे मांडले,
पाव वाटा, अर्धा वाटा,
आणि पाऊण वाटा कुणाचा यावरून जे जुंपलं
ते अजून मिटलेलं नाही.
तिसरा गट नियमच लिहीत राहिला,
सत्तावीस नियम, ग्रेसी फर्नांडिसच्या वळणदार अक्षरात.
खेळायला तास उरला नाही.

चौथा गट खिडकीशी.
दुर्वांक कोचरेकरने गजाला दोरी लटकवली,
चार-चार बोटांवर गाठी,
मधल्या गाठीला लाल सुतळी.
‘ह्यो दर्या. ह्यो शून्य.’
थर्माकोलचा तुकडा म्हणजे जाळं.
बोया बांधला की एक गाठ वर,
शिसं बांधलं की एक गाठ खाली.
जुन्या कॅलेंडरच्या चिठ्ठ्या:
बोया बांध. बोया काढ. शिसां बांध. शिसां काढ.
पहिल्या दिवशी सगळेच बुडाले,
कारण चिठ्ठ्या प्रज्वल जुवाटकरने लिहिल्या होत्या
आणि त्याला बुडवायला आवडतं.

दुसऱ्या दिवशी रिद्धिमा मेतर दोन बोयांवर तरंगत होती.
तिला चिठ्ठी आली: शिसां काढ.
‘तुझ्याकडे शिसांच नाय,’ प्रज्वल म्हणाला, ‘फुकट गेली.’
‘तसो नियम आसा?’
‘नाय.’
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी खाडीकडे.

दुर्वांक उत्तरपत्रिकेत नांगर काढतो.
चौथीपासून बापाबरोबर जाळी विणतो,
हात कधी रिकामे नसतात, आत्ताही
बोटांत सुतळीचा तुकडा होता.
तो त्या सुतळीलाच सांगितल्यासारखं बोलला,
‘एक बोया नि एक शिसां, दोनय एकदम बांध.
जाळां हलूचां नाय.
आता त्यातलां शिसां काढ.’

रिद्धिमाने बांधलं. हललं नाही.
शिसं काढलं.
तुकडा एक गाठ वर.
दोन होते, तीन झाले.
वर्गात कुणीतरी नाक ओढलं, तेवढाच आवाज.
‘मेल्या, ही चिटिंग आसा!’ प्रज्वल ओरडला
आणि पुढच्या डावात त्याने स्वतः तीनदा केली.
शेजारच्या गटातून ग्रेसीने मान काढून विचारलं,
‘सर, अठ्ठाविसावा नियम म्हणून लिहू?’

सहामाहीच्या पेपरात मी मुद्दाम घातलं,
उणे चारातून उणे सहा वजा करा.
दुर्वांकने उणे दहा लिहून खोडलं.
समासात चार काळे ठिपके,
शेजारी आणखी दोन,
त्या दोघांच्या डोक्यावर दोन पोकळ गोल.
मग सहाही ठिपक्यांवर काट.
उत्तराची जागा कोरी.

मी लाल पेन उघडं धरून बसलो,
बाहेर ओहोटीवर कुणीतरी होडी ढकलत होतं.
शेवटी समासालाच दोन गुण दिले,
आणि एकूण करताना ते धरायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन टेबलाशी उभा,
नखाने समास दाखवत:
‘सर, हयसर दोन कमी पडतत.’